बिननावाची लेन्स

माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यातून एक पितळी लेन्स निघाली. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना नंबर, ना गाव. मग सुरू झाला तिचं गोत्र शोधण्याचा चार महिन्यांचा उद्योग...

‘‘इसपे नाम नहीं है, भाई. नाम के बिना ये लेन्स नहीं, पीतल है. पीतल का भाव दूँ?’’

चोर बाजारातल्या त्या दुकानदाराने आमच्या खानदानी ठेव्याचा असा दीड वाक्यात निकाल लावला. शनिवारची दुपार, मटण स्ट्रीटवर तोबा गर्दी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बॅगेत जुन्या पंचात गुंडाळलेली जवळजवळ किलोभर वजनाची लेन्स आणि समोर हा गृहस्थ ती चक्क तराजूत टाकायला निघालेला!

‘राहू द्या’ म्हणून मी उठलो. तेवढ्यात त्याने चहा मागवला. अशा दुकानात चहा आला की समजायचं, खरी बोलणी आता सुरू होणार.

चहाबरोबर दुसरा भाव आला. पंधरा हजार. आणि कटिंग संपता संपता तिसरा. ‘‘अपना एक कारीगर है. पुराने टाइप में नाम डाल देगा. फोकलेंडर, व्हिएन्ना. एकदम जर्मन! फिर साठ कहीं नहीं गए.’’

साठ हजार! खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी नवी कॅमेरा बॉडी घेऊनही टाकली. आणि गंमत म्हणजे, हा खोटेपणा केला असता तर सगळ्यात जास्त खूश कोण झालं असतं? आमचे बाबा.

जर्मन माल

त्याचं असं झालं, गिरगावातली आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. तीन पिढ्यांनी वापरलेली दोन खोल्यांची जागा रिकामी करणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. माळ्यावरून काय काय निघालं! तांब्याचा बंब, वातींचा स्टोव्ह, आत्याच्या लग्नातला रुखवत, दिवाळी अंकांचे गठ्ठे... आणि पत्र्याच्या डब्यात ही लेन्स.

ती माझ्या पणजोबांची. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. आप्पा गिरगावातल्याच एका फोटो स्टुडिओत नोकरीला होते. मालक दुसरे, फोटो काढणारे आप्पा. स्टुडिओ बंद पडला तेव्हा थकलेल्या पगारापोटी मालकांनी ही लेन्स त्यांच्या हातावर ठेवली, अशी घरातली कथा. आप्पांनी काढलेला एकच फोटो आमच्याकडे उरलाय. पणजीचा. नऊवारी, नथ, मांडीवर जोडलेले हात आणि थेट आपल्याकडे बघणारे डोळे. खालच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव. आप्पांचं नाव कुठेही नाही.

बाबांना मात्र लेन्सबद्दल तसूभरही शंका नव्हती. ‘‘जर्मन माल आहे. आप्पाच सांगायचे.’’ हे त्यांनी चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला ऐकवून झालेलं. बिल्डरच्या माणसालाही!

दुकानदाराला ‘कळवतो’ म्हणालो आणि लेन्स परत आणली. ठरवलं, नाव कोरायचंच झालं तर खरं नाव काय आहे ते तरी आधी कळू दे.

टॉर्च मारा आणि मोजा

पहिला प्रश्न होता, ही कॅमेऱ्याचीच लेन्स आहे ना? कारण अशाच पितळी नळ्या मॅजिक लँटर्नला, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणाऱ्या दिव्याला लावायचे. पुढे सिनेमाच्या प्रोजेक्टरलाही. दिसायला सख्ख्या बहिणी!

याचं उत्तर मिळालं नळीच्या पाठीवरच्या एका अरुंद खाचेत. एवढे दिवस ती मला तुटलेला भाग वाटत होती. पण ती खाच मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यातून भोक पाडलेली पितळी पट्टी आत सरकवायची. मोठं भोक म्हणजे जास्त उजेड, छोटं भोक म्हणजे कमी. आज आपण कॅमेऱ्याची चकती फिरवून अॅपर्चर बदलतो, तेच काम. ही युक्ती इंग्लंडमधल्या जॉन वॉटरहाऊस यांनी १८५८ मध्ये मांडली, म्हणून या पट्ट्यांना वॉटरहाऊस स्टॉप म्हणतात. प्रोजेक्टरला सहसा अशा पट्ट्या लागत नाहीत. म्हणजे लेन्स बहुधा कॅमेऱ्याची आणि खाच मुळातली असेल तर १८५८ नंतरची. अनेक जुन्या लेन्सना ही खाच मागाहूनही पाडली गेली. पण आमच्या खाचेच्या कडा सफाईदार होत्या, घाईने कानस मारल्यासारख्या नव्हत्या. एका फटीवरून एवढं कळलं, म्हणजे सुरुवात सॉलिड झाली.

दुसरी परीक्षा तर कुणीही घरी करू शकतं. खोलीत अंधार करायचा, मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारायचा आणि आत किती ठिपके चमकतात ते मोजायचे. काचेचा जो पृष्ठभाग हवेला लागून असतो तो ठळक ठिपका देतो. दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतील तर त्या सांध्यातून फक्त एक फिकट ठिपका येतो. आमच्या लेन्सच्या पुढच्या भागात दोन ठळक, एक फिकट. मागच्या भागात चार ठळक. म्हणजे पुढे दोन भिंगांची चिकटलेली जोडी आणि मागे मध्ये हवा सोडून बसवलेली दोन भिंगं. शिवाय ठिपके सगळे पांढरे. काचेवर जांभळट-निळसर झाक देणारं कोटिंग विसाव्या शतकात, १९३० च्या दशकापासून आलं. इथे त्याचा मागमूस नव्हता.

तिसरी परीक्षा मोजपट्टीची. खिडकीसमोरच्या भिंतीवर समोरच्या इमारतीचं चित्र स्पष्ट पडेपर्यंत लेन्स मागेपुढे केली. भिंतीपासून अंदाजे आठ इंच. काचेचा व्यास सव्वादोन इंच. आठ भागिले सव्वादोन, साडेतीनच्या जरा वर. म्हणजे आजच्या भाषेत एफ ३.६ च्या आसपास.

चार भिंगं, ही मांडणी आणि हा आकडा. तिन्ही धागे एकाच माणसाकडे जात होते.

गणिती आणि तोफखान्यातले जवान

त्याचं नाव जोसेफ पेट्झवाल. जन्म १८०७, आज स्लोव्हाकियात असलेल्या स्पिश्स्का बेला गावातला. व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये फोटोग्राफीची घोषणा झाली तेव्हा सगळं जग वेडं झालं होतं, पण एक मोठी अडचण होती. त्या वेळच्या लेन्समधून इतका कमी उजेड जायचा की माणसाला काही मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागायचं. इमारतीचा फोटो ठीक आहे, पण नवरीचा कसा काढणार?

तोवर लेन्स बनवायच्या त्या बऱ्याचशा अंदाजाने आणि अनुभवाने, काच घासून बघत. पेट्झवालने ती आधी कागदावर गणित मांडून बनवली. आकडेमोड अफाट! कॅल्क्युलेटर कुठला? मग ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक लुडविग मदतीला आला. तोफेचा गोळा कुठे पडेल याचं गणित करण्यात तरबेज असलेले तोफखान्यातले काही जवान त्याने पेट्झवालच्या दिमतीला दिले. १८४० मध्ये लेन्स तयार झाली. आधीच्या लेन्सपेक्षा साधारण पंधरा पट जास्त उजेड आत घेणारी. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि जगभर पोर्ट्रेट स्टुडिओ उभे राहिले.

ती प्रत्यक्ष बनवली व्हिएन्नाच्या फोग्टलेंडर कंपनीने. दोघांचं पुढे जोरदार बिनसलं. फोग्टलेंडरने १८४९ मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइगला कारखाना काढला. आता चोर बाजारातली ऑफर आठवा. ‘फोकलेंडर, व्हिएन्ना, एकदम जर्मन.’ व्हिएन्ना ऑस्ट्रियात आहे, बॉस! नाव तर खोटं होतंच, भूगोलही कच्चा होता.

पण मला खटकलं ते वेगळंच. त्या सुरुवातीच्या लेन्सवर कोरलेलं असायचं फोग्टलेंडरचं नाव. पेट्झवालचं नाही. आणि ज्या जवानांनी आकडे घासले, त्यांचं तर नाहीच नाही. वाचताना मला आमच्या ऑफिसातली मंडे मीटिंग आठवली. रात्री दोनपर्यंत जागून शीट बनवायची आपण आणि पहिल्या स्लाइडवर नाव... असो!

तर, ऑस्ट्रियाबाहेर या रचनेला पेटंटचं संरक्षण नव्हतं. मग काय, पॅरिस, लंडन, अमेरिका, सगळीकडे नकला सुरू झाल्या. पॅरिसच्या कारखान्यांतून अशा लेन्स ढिगाने बाहेर पडल्या. त्यातल्या कित्येक कोऱ्या जायच्या, नाव न कोरता. लंडन-बोस्टनचे विक्रेते त्यावर आपल्या दुकानाचं नाव घालून विकायचे. म्हणजे लेन्सवर नाव असलं तरी ते बनवणाऱ्याचंच असेल असं नाही.

आणि मुंबई? आपली मुंबई या खेळात लवकर उतरली होती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथेच शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे शहरातले नामवंत व्यावसायिक फोटोग्राफर झाले. कॅमेरे, लेन्स, रसायनं, सगळं बोटीने यायचं. युरोपातली एखादी बिननावाची लेन्स फिरत फिरत गिरगावात पोचली असेल, तर त्यात नवल काही नाही.

बोरा बाजारातले काका

जुने कॅटलॉग आणि संग्राहकांनी लिहिलेलं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. पॅरिसचे काही कारागीर भिंगाच्या कडेवर, म्हणजे जो भाग पितळेच्या आत कायमचा झाकला जातो तिथे, पेन्सिलीने नाव लिहायचे. बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी!

मला कुठला दम निघतोय? रविवारी मीच मागचा भाग उघडला. दोन भिंगं आणि मधली रिंग हातात आली, कडेवर जाडसर काळा थर होता, काही वाचता येईना. घाबरून पुन्हा बसवलं आणि खिडकीसमोर धरलं, तर चित्राच्या जागी नुसतं धुकं! त्या रात्री झोप लागली नाही. एवढी वर्षं टिकलेली वस्तू मी अर्ध्या तासात घालवली?

सोमवारी हाफ डे टाकून फोर्टात बोरा बाजार गाठला. तिथे एका जिन्याखाली जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी लेन्स डोळ्यांपाशी नेली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, ‘‘कुठल्या गाढवाने उघडली होती?’’

‘‘मीच.’’

‘‘वाटलंच. मागचं भिंग उलटं बसवलंयस. सगळे हाच घोळ घालतात. काही बिघडलेलं नाही.’’

हुश्श! त्यांनी रबराचा तुकडा घेऊन पुढचा भाग हळूच फिरवला. आटे जराही कुरकुरले नाहीत. आतली रिंग काढली. चिकटवलेली जोडी मऊ कापडावर ठेवली. तिच्या कडेला पिवळसर झाक होती. ‘‘कॅनडा बाल्सम. झाडाचा डिंक. यानेच काचा चिकटवायचे,’’ काका म्हणाले. मग त्यांनी भिंग कडेवर उभं धरलं, डोळ्याला लूप लावलं आणि सावकाश गोल फिरवू लागले. फिरवता फिरवता थांबले.

‘‘बघ रे, काहीतरी लिहिलंय.’’

दुधी रंगाच्या खरबरीत कडेवर, तिरक्या आणि घाईच्या रोमन अक्षरांत, पेन्सिलीने लिहिलं होतं: डार्लो. पुढे पॅरिस.

मी नुसता बघत राहिलो. इतक्या वर्षांत पितळ काळवंडलं होतं, डिंक पिवळा पडला होता आणि पेन्सिल मात्र काल लिहिल्यासारखी!

अल्फाँस डार्लो, जन्म १८२८, पॅरिसचा लेन्स बनवणारा. जामँ नावाच्या जुन्या लेन्सवाल्याचा कारखाना १८६० च्या सुमारास त्याच्या हाती आला. त्याने भरपूर लेन्स बनवल्या आणि त्यातल्या कितीतरी दुसऱ्यांच्या नावाने विकल्या गेल्या. तो वारला १८९५ मध्ये. आमच्या लेन्सला खाच आहे, पण फिरवून भोक लहानमोठं करणारा आयरिस पडदा नाही. तो १८८० नंतर हळूहळू रुळला. म्हणजे अंदाज निघतो तो १८६० ते १८९० च्या मधला. आप्पांच्या हातात आली तेव्हाच ती म्हातारी असणार. पण स्टुडिओतल्या लेन्स अशाच दोन-दोन पिढ्या चालायच्या.

ती सही खुद्द डार्लोच्या हातची की त्याच्या कारखान्यातल्या एखाद्या पोराची, हे पेन्सिलीवरून सांगता येत नाही.

काकांनी सगळं पुसून, नीट सुलट बसवून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, ‘‘दोनशे दे. आणि पुन्हा हात लावू नकोस.’’

घरी येऊन बुटांच्या खोक्याला लेन्स बसवली, मागे बटर पेपर ताणला आणि आईला गॅलरीत उभं केलं. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्याला या लेन्सचा फक्त मधला भाग दिसतो. बटर पेपरवर मात्र सगळी जादू उतरते. आईचे डोळे लख्ख, कानातल्या कुड्या धूसर आणि मागची झाडं गोल गोल भोवऱ्यासारखी फिरलेली! (हाच इफेक्ट लोकांना एवढा भावला की २०१३ मध्ये लोमोग्राफी कंपनीने क्राउडफंडिंग करून नव्या कॅमेऱ्यांसाठी पितळी पेट्झवाल लेन्स आणली.)

मग पणजीचा फोटो काढून शेजारी ठेवला. डोळे लख्ख. नथीचे मोती मोजता येतील इतके स्पष्ट. कान आणि खांदे धूसर. याने सिद्ध काही होत नाही, अशा रचनेच्या लेन्स तेव्हा ठिकठिकाणच्या स्टुडिओंत होत्या. पण मी बराच वेळ दोन्ही चित्रं बघत बसलो, एवढं खरं.

बाबांना कसं सांगायचं?

त्याच आठवड्यात दुकानदाराचा फोन आला. ‘‘कारीगर को बोलूँ क्या?’’

‘‘नको,’’ म्हटलं. ‘‘नाव सापडलं.’’

‘‘जर्मन?’’

‘‘फ्रेंच.’’

‘‘फ्रेंच में क्या रखा है...’’ म्हणत त्याने फोन ठेवला. कॅमेरा बॉडी गेली ती गेलीच.

खरं टेन्शन बाबांचं होतं. खोलीचा ताबा द्यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघंच शेवटचा फेरा मारायला गेलो होतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. मी एका दमात सांगून टाकलं. डार्लो, पॅरिस, पेन्सिल, सगळं. मोबाइलवर काढलेला सहीचा फोटो दाखवला.

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा केला, पुन्हा बघितला. ‘‘आप्पा जर्मन म्हणायचे,’’ एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘‘मालकांनी त्यांना तसंच सांगितलं असणार. सहा महिन्यांचा पगार होता.’’

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सहा महिने! थकलेली रक्कम मोठी, म्हणून माल ‘जर्मन’. आप्पांनी विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखं दाखवलं? आता कुणाला विचारणार?

‘‘आण इकडे ती,’’ बाबा म्हणाले. त्यांनी खिडकीची एक झडप लावली, दुसरी अर्धी ओढली. आतला बल्ब आधीच काढून नेला होता. लेन्स दोन्ही हातांत धरून ते समोरच्या भिंतीपाशी गेले आणि वीतभर अंतरावर थांबले. आधी नुसता उजेडाचा गोळा. मग हात जरा पुढे, जरा मागे...

भिंतीवर आमचा रस्ता उतरला. उलटा. वर डांबर, खाली आकाश. दुधाची गाडी डोक्यावर चालत गेली. समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे काढत होतं, तेही उलटं आणि रंगीत.

‘‘मी सात-आठ वर्षांचा असेन,’’ बाबा म्हणाले. ‘‘मे महिन्यात दुपारी आप्पा आम्हा सगळ्या पोरांना इथे बसवून हे दाखवायचे. फुकट सिनेमा. चित्र हललं की सांगायचे, बघा, मी काढलेल्या फोटोत माणसं हलत नाहीत, इथे हलतात.’’

चार महिने मी त्या लेन्सबद्दल जगभरचं वाचलं. ज्या भिंतीवर मोजपट्टी धरून आठ इंच मोजले, ती हीच भिंत. पण बाबांना विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली दिली. लेन्स सध्या भाड्याच्या घरात टीव्हीशेजारी आहे. डब्यात एक चिठ्ठी टाकली आहे, पेन्सिलीने लिहिलेली. तिच्यावर डार्लोचं नाव आहे आणि त्याखाली आप्पांचं, पूर्ण नाव, आडनावासकट. बाबांच्या अक्षरात.

तुमच्याही माळ्यावर असेल तर...

* पितळ घासूनपुसून चकाचक करू नका. जुनं लॅकर गेलं की किंमतही जाते आणि पुरावाही.
* बाहेरचं नाव दुकानाचं असू शकतं. नुसत्या नावावर भाव ठरवू नका.
* टॉर्चने ठिपके मोजा. दोन ठळक, एक फिकट आणि मागे चार ठळक असतील, तर पेट्झवाल पद्धतीची लेन्स असण्याची दाट शक्यता.
* पट्टीची खाच, आयरिस पडदा, काचेवरचं कोटिंग, या तीन गोष्टींवरून काळाचा अंदाज येतो.
* भिंगं स्वतः काढू नका. काढलीच तर आधी क्रमाने फोटो काढून ठेवा. (अनुभवाचे बोल!)
* कुणी नाव कोरून देतो म्हणाला, तर चहा पिऊन निघा.
* आणि हो, घरातल्या मोठ्या माणसांना सगळ्यात आधी विचारा.